दोन दिवे एकाच वेळी विझायचे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास वडिलांच्या गाडीचे इंजिन करमाडच्या अलीकडे खडखडू लागले आणि बंद पडले. गाडी मी चालवत होते. वडील शेजारी बसले होते. डॅशबोर्डवरचा ऑइलचा तांबडा दिवा लागलेला नव्हता.

गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती. डॅशबोर्डवर दोन तांबडे दिवे होते. बॅटरी चार्ज होत नसेल तर एक लागे, इंजिनात ऑइलचा दाब नसेल तर दुसरा. चावी फिरवली की दोन्ही लागायचे, इंजिन सुरू झाले की दोन्ही विझायचे. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी धरणांवरची मापे वाचली होती. दिवे विझल्याचे बघितल्याशिवाय ते "चला" म्हणत नसत.

एरवी गाडी आमचे ड्रायव्हर चालवत. ते सोयगावकडचे, साठीला टेकलेले, आमच्याकडे चौदा वर्षे होते. मी त्यांना मामा म्हणत असे. त्या आठवड्यात ते नातवाच्या जावळासाठी गावी गेले होते. निघताना मला म्हणाले, "ताई, रोज सकाळी काडी बघत जा. दिव्यावर नका राहू." काडी म्हणजे इंजिनातले ऑइल मोजायची पट्टी. मी हो म्हटले. शनिवारपासून मंगळवारपर्यंत एकदाही बॉनेट उघडले नाही. दिवा विझत होता, तेवढे मला पुरेसे वाटले.

करमाडच्या रस्त्यावर काडी बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला नुसता डाग होता. जालन्याला वडिलांच्या एका सहकाऱ्याची एकसष्टी होती; तिथे आम्ही पोहोचलो नाही. एका ट्रॅक्टरने गाडी ओढत शहरातल्या गॅरेजपर्यंत आणली. मेकॅनिकने इंजिन खोलले. बेअरिंग गेले होते. बाकीचे वाचले होते. ऑइल संपले तरी दिवा का लागला नाही, हे मात्र त्याला सांगता येईना. त्याने शेजारच्या दुकानातून वायरिंगवाल्या चाचांना बोलावले.

चाचांनी चावी फिरवली. दोन्ही दिवे लागले. मग त्यांनी इंजिनावरून येणारी ऑइलच्या दिव्याची वायर काढली. ती काढताच दिवा विझायला हवा होता. तो जळत राहिला.

"बेटी, गाडी चालू करे तो ये दोनों बत्त्यां साथीच बुझते थे क्या?"

"हो. एकदम."

"एकदम कैसे? ऑइलवाली को दो-तीन सेकंद जास्ती लगना. जुडवां हैं क्या ये?"

वडील स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "दिवा चांगला होता. मी रोज बघत होतो."

"आप बराबर देखते थे, साब. जो देखना था आपको, वहीच दिखाया उसने."

चाचांनी डॅशबोर्डखाली डोके घातले आणि आम्हाला बोटभर लांबीची पिवळी वायर दाखवली. ऑइलच्या दिव्याची मूळ वायर तोडून दिवा चार्जिंगच्या दिव्याला जोडला होता. बॅटरी चार्ज होऊ लागली की दोन्ही विझत. इंजिनात ऑइल आहे की नाही, याच्याशी त्या दिव्याचा संबंध उरला नव्हता.

"काम सफाई का है," चाचा म्हणाले. "निकाल दूं?"

"राहू द्या," वडील म्हणाले. "ज्यानं जोडली तो काढेल."

कोणी जोडली असेल हे त्यांनी विचारले नाही. दोन वर्षांपूर्वी खुलताबादच्या घाटात हा दिवा लागला होता. तपासणीत इंजिन झिजल्याचे निघाले. त्या संध्याकाळी वडील फाटकात उभे राहून ड्रायव्हरना म्हणाले होते, "परत हा दिवा लागला की गाडी मोडीत काढायची." ते उगाच बोलत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. त्यानंतर दिवा कधी लागला नाही.

मामा रविवारी परतले. वडिलांनी त्यांना सोमवारी गॅरेजमध्ये बोलावले. मीही गेले. वडील त्यांना नेहमी तुम्हीच म्हणत. त्या दिवशीही म्हणाले.

"वायर तुम्ही जोडली?"

"व्हय, साहेब."

"कधी?"

"घाटातून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"दोन वर्षं मला खोटा दिवा दाखवला."

"व्हय."

"आणि तुम्ही कशाच्या भरवशावर चालवत होता?"

"काडी बघून. रोज सकाळी, तुम्ही चहा घेत असता तवा. कमी दिसलं की टाकायचो. अन् कानानं. दिवा मी नाय बघितला कधी."

मेकॅनिक मध्ये पडला. "साहेब, म्हणून तर इंजिन इतके दिवस टिकलं. नायतर मागच्याच साली गेलं असतं."

"तुम्हाला विचारलं नाही," वडील म्हणाले. मग मामांकडे वळले. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गाडी गेली असती. गाडी गेल्यावर माझं काय काम? आताच्या गाड्यांचे गियर हिच्यागत स्टेअरिंगपाशी नसतेत, खाली असतेत. ह्या वयात कोण शिकवतं मला? लई विचार केला, साहेब. मग जोडली."

वडिलांना एक गोष्ट माहीत नव्हती, आणि मामा ती सांगत नव्हते. ती मी सांगितली: काडी बघायला त्यांनी मला बजावले होते, चार दिवस मी ती बघितली नव्हती.

"ताईचं काय चुकलं त्यात," मामा म्हणाले. "दिवाच खोटा होता."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "वायर काढा."

मामा डॅशबोर्डखाली आडवे झाले. चाचा टॉर्च धरून बाजूला बसले आणि म्हणाले, "उस्ताद, जोडने को जितना टाइम लगा, उससे जास्ती नको लगाव." मामा हसले नाहीत. वायर निघाली. चाचांनी मूळ जोड नीट करून दिला.

गुरुवारी नवे बेअरिंग बसवून इंजिन सुरू केले. चार्जिंगचा दिवा आधी विझला. ऑइलचा त्यानंतर तिसऱ्या सेकंदाला. पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवले. ते तापल्यावर जागच्या जागी हळू चालत असताना ऑइलचा दिवा पुन्हा लागला. मंद, पण लागला. मामांनी ॲक्सिलरेटर किंचित दाबला. दिवा विझला. पाय काढला, लागला.

मेकॅनिक म्हणाला, "बाकीचं झिजलेलं आहेच, साहेब. उभ्या गाडीत असा दिसणारच. चालत्या गाडीत लागला तर मात्र तिथंच थांबवायची."

मामांनी इंजिन बंद केले आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. वडील खिडकीपाशी वाकले होते. त्यांची नजर दिव्यावर होती.

"दिसला मला," ते म्हणाले. मग सरळ झाले. "उद्या दहाला बँकेत जायचंय."

"व्हय, साहेब."

शुक्रवारी दहाला पाच कमी असताना गाडी फाटकाशी उभी होती. मामा स्टेअरिंगवर होते. गाडी त्यानंतर चार वर्षे आमच्याकडे राहिली. ती चारही वर्षे तेच चालवत होते.