आईचं कार्ड

चुडाव्याला जाताना पॅसेंजरमध्ये समोरच्या माणसाने जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं मांडली. मागे लिहिलं होतं: हीरो, खलनायक, इन्स्पेक्टर, आई. सिनेमातल्या माणसांचा हा खेळ त्याने स्वतः रचला होता. त्यांच्या तोंडून आपण बोलायचं, पुढचं फाशावर ठरवायचं.

“सहा पडल्याबिगर इन्स्पेक्टर येत न्हाई,” तो म्हणाला. “चौघांचंबी मीच बोलायलोय. तुमी एखादं घेता का, भाऊ?”

मी आई घेतली. त्याचा हीरो शहरातून घरी परतला. मी कॉलेजातून आलो की माझी आई विचारायची, तेच मी विचारलं, “जेवलास का रे?”

फासा त्याच्या मुठीतच राहिला.

उतरताना मी कार्ड परत देऊ लागलो. तो म्हणाला, “राहू द्या तुमच्याकडं. माझ्याकडं ती नुसती रडायली.”

त्याचा खेळ आता तिघांतच चालत असेल.