चार्जिंगच्या झाकणाआडचं कुंकू

चार्जरचा लाल दिवा तिसऱ्यांदा लागला, तसे नाना चावी माझ्या हातात ठेवत म्हणाले, "गाडी परत लई ल्या, भाऊ."

नाना सोनगीरचे कापूसवाले शेतकरी. धुळ्यातल्या आमच्या शोरूममधून पहिली इलेक्ट्रिक गाडी त्यांनी घेतली, ती आदल्याच दिवशी. घरचा चार्जर बसायचा होता, म्हणून चार्जिंगला आमच्याकडे आले. सोबत दोघे चुलतभाऊ. त्या दोघांनाही इलेक्ट्रिकच घ्यायची होती. आमच्या जुन्या कंपनीची की फक्त इलेक्ट्रिक गाड्या काढणाऱ्या नव्या कंपनीची, एवढंच ठरायचं होतं.

मी वर्कशॉप मॅनेजर. सव्वीस वर्षं डिझेलमध्ये गेली. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचो. ही गाडी मुकी. तरी इलेक्ट्रिक विभाग मीच हट्टाने सुरू करायला लावला होता.

मालकांनी मला बाजूला घेतलं. "आज गाडी परत आली तर उद्यापासून तुझा तो विभाग बंद. आणि वैशालीला दुसरीकडे नोकरी बघायला सांग."

वैशाली ही त्या विभागाची एकमेव टेक्निशियन. तिने लॅपटॉप जोडला. एरर आला : आयसोलेशन फॉल्ट. म्हणजे असं, की चार्जिंगआधी यंत्रणा करंट कुठे गळत नाही ना, ते बघते. शंका आली की बंद. हेड ऑफिसला फोन लावला. अर्ध्या तासाने उत्तर मिळालं, "बॅटरी पॅक मागवा. तीन आठवडे."

धाकटा चुलतभाऊ ऐकत होता. म्हणाला, "नवी कंपनीनी गाडी घरबसल्या मोबाईलवर सुधरस म्हने."

मी वैशालीकडे बघितलं.

वैशालीने मेन स्वीच बंद केला, हातमोजे घातले आणि टॉर्च मारून गाडीच्या नाकावरच्या चार्जिंग पोर्टात डोकावली. तिथेच थांबली. "सर, इकडे या जरा."

आत, पितळी पिनांच्या मुळाशी, लाल चिकट थर होता. कुंकू.

आमच्याकडे डिलिव्हरीला बॉनेट उघडून इंजिनाची पूजा होते. हळद-कुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. काल बॉनेट उघडलं तर पूजा करावी असं इंजिनच नाही. नानांच्या कारभारीण अक्का ताट घेऊन उभ्या. तेव्हा मीच चार्जिंगचं झाकण उघडलं आणि शहाणपणाने म्हणालो, "अक्का, हेच हिचं तोंड. इथे करा." नारळाचं पाणीसुद्धा मीच शिंपडलं. ट्रेनिंगला बसलेला माणूस मी!

मालक कानाशी कुजबुजले, "सेन्सर खराब होता म्हणून सांग. साफ कर आणि मोकळा हो."

सोपं होतं. पण वैशाली माझ्याकडे बघत होती. पोर्ट उघडं ठेवू नये, हे मीच तिला दहादा बजावलं होतं.

"नाना," मी म्हणालो, "गाडीत दोष नाही. चूक माझी. काल मी जिथे पूजा करायला लावली, तिथे पाणी गेलं."

मालकांनी कपाळाला हात लावला.

वैशालीने स्प्रे मारून, ब्रशने, हवेने पोर्ट साफ केलं. तासभर वाळू दिलं. मग प्लग लावला. दिवा पिवळा झाला. पिवळाच राहिला. मग हिरवा.

धाकट्याचं समाधान झालं नव्हतं. "नवी कंपनीना माणूस अशी चूक करस का?"

नाना हसले. "त्यासना माणूस पूजाले येस कोठे?"

नानांनी गाडी ठेवली. थोरल्या चुलतभावाने आमची गाडी बुक केली, धाकट्याने नव्या कंपनीची. विभाग राहिला, वैशालीही राहिली. जुन्या कंपन्या नव्यांना गाठतील का, असं लोक मला विचारतात. गाठतीलही. पण जुनं काय सोबत न्यायचं आणि काय झाकणाबाहेर ठेवायचं, हे आधी आमच्यासारख्यांना शिकावं लागेल.

आता आम्ही स्टेअरिंगची पूजा करतो. नारळ पार्किंगमध्ये, गाडीपासून दहा पावलं लांब फोडतो. पावलं वैशाली मोजते.