वॉटर स्कूटरचा हार

चहा घ्या आधी, मग सांगतो. तीस वर्षं धारमध्ये गाड्या दुरुस्त करतोय, पण निसरपूरला नर्मदेच्या पाण्यात मी काय करून बसलो ते अजून गॅरेजात कुणाला कळू दिलेलं नाही.

आमचे भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, तिथे पर्यटकांना वॉटर स्कूटरवरून फिरवतात. स्कूटर एकच, तीही जुनी, दुसऱ्याने वापरून टाकलेली. इंजिन बसलं की धंदाच बसला. म्हणून सीझनच्या आधी मला बोलावलं. पाण्यातलं इंजिन मी जन्मात उघडलं नव्हतं. पण अक्कासमोर तसं म्हणतो कोण?

खरं सांगतो, काम चोख केलं. ऑइल बदललं, प्लग बदलले. ही स्कूटर बुडाखालून पाणी ओढून मागे फेकते, त्यावरच धावते आणि तेच पाणी इंजिन थंड ठेवतं, एवढं समजून घेतलं. म्हणजे खालची जाळी तुंबली की खेळ खलास. ती जाळी मी दात घासायच्या ब्रशने घासली. वर भावोजींना तासभर व्याख्यान दिलं आणि काठावर पाटी लावली: ‘स्कूटर के पास डोरी, दुपट्टा, थैली न लाएँ।’ अक्षर माझंच.

आता आमच्या गॅरेजची एक रीत आहे. दुरुस्त झालेली गाडी हार-नारळाशिवाय बाहेर पडत नाही. मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि स्कूटरच्या नाकाला झेंडूचा चांगला घसघशीत हार बांधला. तुटायला नको म्हणून खास नायलॉनच्या दोऱ्यात ओवून घेतलेला.

“पाण्यात घालायच्या आधी हार काढू का?” भावोजींनी विचारलं.

“एक फेरी होऊ द्या की. लगेच काढला तर अपशकुन होतो.”

भावोजी निघाले. जरा आत गेले आणि स्कूटर थबकली. इंजिन बोंबलतंय, पण गाडी जागची हलेना. त्यात पीं पीं सुरू झालं. मला वाटलं, खुशीत हॉर्न वाजवतायत. मी हात हलवला. त्यांनीही दोन्ही हात जोरजोरात हलवले. अक्काला म्हटलं, बघ किती आनंद झालाय.

मग मागून वाफ निघायला लागली.

“भावोजी, रेस द्या, रेस! अडकलेलं निघून जाईल.”

नशीब माझं, भावोजींनी आजवर माझं कधी ऐकलेलं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं.

एका केवटाने स्कूटर नावेला बांधून त्यांना काठावर आणलं. स्कूटर कलती करून त्याने खाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “भिया, ये तो पूरी माला खा गई.”

दोरा आत असा आवळून बसला होता, की ब्लेडने कापावा लागला. पाकळ्या तर पार आतपर्यंत. मला दरदरून घाम फुटला. अक्काचं घर त्या इंजिनावर चालतं हो! सगळं साफ करून, थंड होऊ देऊन, भीत भीत बटण दाबलं. सुरू झालं. मी देवाला हात जोडले. नुसते हात, फुलं नाहीत.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. स्कूटर मजेत धावत होती. माझी पाटीही जागेवर होती. फक्त खाली भावोजींनी खडूने एक ओळ वाढवली होती: ‘साले साहब को तो बिलकुल नहीं।’