पोचकाका मेसेज परत आणायला निघाले

पडदा वर जातो तेव्हा समोर एक जिना दिसतो. तिसऱ्या मजल्याचा कठडा, दारांबाहेर चपलांचे जोड, कुणीतरी वाळत घातलेली छत्री. खिडकीतून सकाळचं ऊन येतं आहे आणि त्या उन्हात मधोमध एक गृहस्थ खांद्याला खाकी पिशवी अडकवून, टोपी नीट करत उभे आहेत.

हे आमचे पोचकाका. त्यांनी जन्मभर पार्सलं पोचवली. आमच्या नाटकाचे टोप, दाढ्या, दागिने हेच घेऊन यायचे आणि खोका पुढे करून म्हणायचे, "पोच द्या." रंगपटात राजाच्या वेशात बसलेल्या नटालाही सही केल्याशिवाय त्यांनी मुकुट दिला नाही. निवृत्त झाले, पण पिशवी काही सुटली नाही. भाजीसुद्धा तीतूनच यायची.

त्या सकाळी माझं दार उघडं होतं. मी विचारलं, "कुठे स्वारी?"

"परत आणायला चाललोय, बाई."

"काय?"

"मेसेज."

झालं होतं असं. आदल्या दिवशी त्यांच्या फोनवर एक फोटो आला. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याची टपरी, मागे किल्ल्यांचे घोसच्या घोस, आणि खाली मजकूर: 'हा माणूस प्रत्येक किल्लीची एक प्रत स्वतःकडे ठेवतो. सावध राहा.' काकांनी नागरिकाचं कर्तव्य म्हणून तो ओळखीच्या सगळ्यांना धाडला. संध्याकाळी भाजी आणताना टपरीपाशी थांबले, तर किल्लीवाला रिकामा बसून कानस पुसत होता. त्यानं घोसातली एक किल्ली काढून काकांच्या तळहातावर ठेवली.

"बघा काका, हिला दात तरी आहेत का? कोऱ्या आहेत सगळ्या. गिऱ्हाईक आलं की मग कापायच्या. आता गिऱ्हाईकच येत नाही. आठवडाभर असंच चाललं तर टपरी उचलतो आणि गावाकडे जातो."

काकांना रात्रभर झोप लागली नाही.

मी म्हटलं, "अहो, मग तो खोटा होता असा दुसरा मेसेज टाका की."

काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पार्सल चुकीच्या घरी गेलं, तर त्या घरी आणखी एक पार्सल पाठवून पहिलं परत येतं का, बाई? जाऊन आणावं लागतं."

आणि ते गेले. पहिली त्यांची दातांची डॉक्टर. ती खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात आरसा घालून बसली होती. काका शेजारी उभे राहिले.

"काल मी तुम्हाला एक मेसेज दिला. तो खोटा निघाला. परत न्यायला आलोय."

"काका, पेशंट आहे ना समोर."

"त्यांचं चालू द्या. तुम्ही फक्त माझ्यादेखत पुसा."

डॉक्टरनं हातमोजा काढला, फोन घेतला, मेसेज पुसला. तेवढ्यात खुर्चीतल्या माणसानं तोंड उघडं ठेवूनच स्वतःचा फोन वर धरला. त्यालाही आला होता. काका त्याचाही पुसून घेऊन डॉक्टरला म्हणाले, "पुढे कुणाला दिलात?"

"मावशीला."

"पत्ता?"

मावशी खमकी निघाली. तिनं काकांना बसवलं, पाणी दिलं, मेसेज पुसला आणि म्हणाली, "नेताच आहात तर हेही न्या. हा लिंबानं टक्कल जातं म्हणणारा. आमच्या ह्यांनी वर्षभर चोळलं, आता भुवयाही विरळ झाल्यात. आणि हा, पृथ्वी बुधवारी बंद राहणार म्हणणारा."

"हे माझ्याकडचे नाहीत हो."

"मग काय झालं, तेवढीच घरातली अडगळ जाईल."

काकांनी तेही पुसून घेतले. असं करत ते गावभर फिरले. मावशीची भिशी, भिशीतल्या एकीचा दीर, दिराचं ऑफिस. संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय सुजले होते, आणि काकू फोन बघत म्हणाल्या, "ऐकलंत का, तो किल्लीवाला प्रती ठेवतो म्हणे. माझ्या बहिणीनं पाठवलंय."

"अगं, खोटं आहे ते. मीच पाठवलं होतं."

"तुम्ही पाठवलंत तेव्हा मी कुठे विश्वास ठेवला? पण आता बहीणही म्हणतेय."

चार दिवसांनी काका माझ्या दारात फोन घेऊन उभे राहिले. नवा मेसेज होता, पाठमोऱ्या फोटोसकट. 'काळी पिशवी आणि टोपी घातलेला एक म्हातारा घरोघर फिरतो, गोड बोलतो, फोन उघडायला लावतो आणि मेसेज पुसतो. सावध राहा.'

"अरे देवा. आता काय करायचं?"

"तपासलं मी. म्हातारा, बरोबर. टोपी, बरोबर. मेसेज पुसतो, बरोबर. गोड बोलतो, हे लिहिणाऱ्याचा चांगुलपणा. पिशवीचा रंग तेवढा चुकला होता."

"होता म्हणजे?"

"खाकी केला आणि पाठवला पुढे सगळ्यांना. खरी माहिती दाबून ठेवणं बरं नाही, बाई."

"आणि ते 'सावध राहा'?"

"ते मत झालं. मतं मी तपासत नाही."

दुसऱ्या दिवशी तळमजल्याचे मास्तर जिन्यात भेटले. त्यांनी काकांच्या खांद्यावर, नेमका पिशवीच्या पट्ट्यावर, हात ठेवला. "काका, जपून राहा. तुमच्यासारखाच पोशाख करून हिंडतोय तो. मी तर कुलूपच बदलायला निघालोय."

कुलूप बदलायला सगळेच निघाले होते. किल्लीवाल्याच्या टपरीपासून रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. मी आणि काका शेवटी उभे राहिलो. पुढे कुणीतरी कुजबुजलं, "पण किल्ल्यांच्या प्रती ठेवणारा तो हाच ना?"

"ते मागच्या आठवड्यातलं हो," दुसरा म्हणाला.

किल्लीवाल्याला मान वर करायला फुरसत नव्हती. कानस चालू होती, कोऱ्या किल्ल्यांचे घोस निम्मे रिकामे झाले होते. आमचा नंबर आला तेव्हा त्यानं काकांना पाहिलं, खाकी पिशवी पाहिली, आणि त्याचा हात थांबला. "काका, लोकांना सांगू का तो माणूस कोण आहे ते? फार वाईट वाटतंय मला."

काकांनी पिशवी फळीवर ठेवली.

"मला एक भक्कम कुलूप दे. माहिती मी स्वतः तपासली आहे, तो आमच्याच घरात राहतो."