मागच्या बाकावरचा टाक

आमच्या घरातून त्या वर्षी मॅट्रिकला दोघं बसलो होतो, मी आणि माझे वडील. हसायचं असेल तर हसून घ्या. आमचं निरवांगी गाव तेव्हा पोट धरून हसलं होतं.

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते गावच्या शाळेत मास्तर. सातवी होऊन नोकरीला लागलेले आणि तिथंच केस पिकलेले. शाळा वाढली तसा वरून हुकूम आला की मुख्याध्यापक मॅट्रिक, म्हणजे कागदावर एस.एस.सी., झालेलाच पाहिजे. जूनपर्यंत तात्या पास झाले तर तेच, नाहीतर दुसरा येणार. तो दुसरा कोण, हेही गावाला ठाऊक होतं. तात्यांनीच ज्याचा हात धरून ग म भ न गिरवून घेतलं होतं, तो आमच्याच आळीतला मुलगा. नुकताच मॅट्रिक झाला होता. "त्यो आत आला की म्या उठून उभं ऱ्हायाचं व्हय?" तात्या आईला एवढंच म्हणाले आणि परीक्षेला बाहेरून बसायचा अर्ज भरून आले.

मी इंदापुरात मावशीकडं राहून शिकत होते. सुट्टीला घरी आले की बीजगणित मी तात्यांना शिकवायची आणि इतिहास ते मला. इतिहास म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकेक तह असा सांगायचे, जसा काही स्वतः तिथं सतरंजी टाकायला होते. डोक्यात कुठं काही कमी नव्हतं. घात केला तो अक्षरानं. अक्षर फार म्हणजे फारच सुंदर होतं.

तात्यांचं बाळबोध अक्षर बघायला आजूबाजूच्या गावचे मास्तर यायचे. प्रत्येक अक्षर सुटं, काना ओळंब्यात, आणि शब्द पुरा झाला की वरून शिरोरेघ, सावकाश, श्वास धरून. वाकड्या अक्षरापायी माझ्या बोटांवर किती पट्ट्या बसल्यात ते माझं मला माहीत. असा माणूस तीन तासांत काय कपाळ लिहिणार? घरी सराव केला तर निम्मा पेपर कोरा राहिला. मी म्हटलं, "तात्या, रेघ देऊ नका. नुसतं खरडा."

"खरडू? मी?" जणू मी त्यांना कुणाच्या शेतातला ऊस चोरायला सांगितला होता.

परीक्षेचं केंद्र बारामतीला. इंदापूरहून एस.टी.नं निघालो, तर सणसर येईपर्यंत तात्या सनावळ्या पुटपुटत होते. बारामतीत बांगड्यांचं दुकान असलेल्या ओळखीच्या एका चाचींनी मागची खोली दिली होती. पहिल्या पेपरला निघताना त्यांनी दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाल्या, "मास्तर, पोरीचं बघून लिहू नका हां." तात्या हसले. मला काही हसू आलं नाही.

मुलींचे बाक पुढं होते आणि बाहेरून बसणाऱ्यांचे पार मागं. तात्या मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. बाकीच्यांकडं बहुतेक फौंटनपेन, तात्यांचा मात्र टाक. कुर्र, कुर्र, थांबला. मग शिरोरेघेचा लांब कुर्र. मग दौतीत बुडवणं. तेवढ्यात माझ्या दोन ओळी होऊन जायच्या.

बाहेर आलं की रोज तेच बोलणं.

"किती झालं?"

"निम्मं."

"पस्तीस पडतील?"

"काठावर."

असे काठाकाठानं आम्ही इतिहासापर्यंत पोचलो. त्या दिवशी सकाळी तात्या आपणहून म्हणाले, "आज समदं लिवणार. आज हात आखडायचा न्हाय."

सुरुवातीला टाक रोजच्यासारखाच चालला होता. मग मागचा आवाज बदलला. टाक चक्क धावायला लागला. मला इतका आनंद झाला की माझं उत्तरच राहून गेलं. आणि मग मला ते कळलं. आधी एक लांबच लांब रेघ, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तिच्याखाली न थांबता सरसर सरसर. ही चाल मी लहानपणापासून ऐकत आले होते. घरी तात्या गावकीचे कागद लिहायचे तेव्हाची ती चाल. तात्या मोडी लिहीत होते.

मोडीत रेघ आधी ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटायचं. पोरांसाठी ते बाळबोध आणि घाईचं, मोठ्या माणसांचं ते मोडी, असंच त्यांच्या हाताला जन्मभर ठाऊक. आता घाई म्हटल्यावर हात आपसूक तिकडं गेला. मोडी शाळांतून उठली होती. पेपर तपासणारा ती वाचणार कुठून आणि मार्क देणार कशाचे?

मी खोकले. टाक धावतच होता. पुन्हा जोरात खोकले, तर देखरेखीवरच्या सरांनी पाण्याचा पेला आणून ठेवला. मान वळवली तर म्हणाले, "पुढं बघा." मी एक शब्द बोलले असते तर दोघांनाही उठवलं असतं. मी पुढं बघितलं. पाठीमागं माझा बाप मजेत सगळ्याच्या सगळे प्रश्न लिहीत होता, आणि त्याचं नापास होणं मी बसून ऐकत होते. इतकी लाचार मी पुन्हा कधी झाले नाही.

तात्या बाहेर आले ते घामानं भिजलेले, पण चेहरा फुललेला. "पोरी, समदे प्रश्न झाले. वर पुरवणी बी घेतली."

"तात्या, तुमी मोडीत लिवलं."

ते थांबले. उजव्या हाताकडं बघितलं. शाईची बोटं हळूहळू मिटली.

"तरीच," ते म्हणाले. "म्हटलं, आज एवढं सोपं कसं जातंय."

कालव्याच्या कडेनं आम्ही खोलीवर आलो. उरलेले पेपरही दिले, आपले द्यायचे म्हणून.

जूनमध्ये मी पास झाले. तात्या बाकी सगळ्यात काठावर पास आणि इतिहासात नापास. माझे पेढे त्यांनीच गावभर वाटले. "मास्तर, तुमचं काय झालं?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "हे पोरीचं घ्या की." मी म्हटलं, ऑक्टोबरला पुन्हा बसा. "डोकं बसंल गं," ते म्हणाले, "हात न्हाय बसायचा."

नवे मुख्याध्यापक आले. मुलगा वाईट नव्हता, तेच वाईट होतं. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. पहिल्या दिवशी तो तात्यांच्या पाया पडायला वाकला, पण तात्या त्याआधीच उठून उभे राहिले होते. मग तोच अवघडून म्हणाला, "गुरुजी, दारावर माझ्या नावाची पाटी लावायची हाय. माझं अक्षर तुमाला म्हाईतच हाय."

तात्या पाटी घरी घेऊन आले. ओसरीवर मांडी घालून बसले, पांढरा रंग कालवला. मी शेजारीच होते. आधी त्याचं नाव काढलं, मग खाली मुख्याध्यापक. नावापुढची जागा तेवढी शेवटी ठेवली होती. तिथं एस.एस.सी. लिहिलं, अक्षरं सुटी सुटी, आणि मग श्वास धरून वरून एकेकाला शिरोरेघ दिली. आता त्यांना कसलीच घाई नव्हती.