धर्मादायाला रकाना

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मुनीमजींना नागपूरहून येणाऱ्या ताळेबंदाच्या छापील नमुन्याचा भारी राग. तो कापडगिरण्यांसाठी बेतलेला. त्यात सुताला जागा, सरकीला नाही. मग मुनीमजी शिव्या घालत नको ते रकाने कापत आणि आमची खाती खळीने चिकटवत.

एका साली धर्मादायाला रकाना सापडेना. गुरांच्या हौदासाठी शेतकऱ्यांकडून कापसाच्या गाडीमागे कापलेला तो पैसा. माझे दीर म्हणाले, "'इतर उत्पन्ना'त टाका." म्हणजे तो आम्हा भागीदारांच्या खिशात.

"काऊन? आपला हाये का तो?" मुनीमजींनी 'देणे' बाजूला लांबलचक पट्टी डकवली.

"नोकरी जाईल, मुनीमजी."

"जाऊ द्या, शेटजी. पट्टी मात्र निघत नाई आता."

भागीदारीत मीही होते. खळ वाळायच्या आत मी ताळेबंदावर सही केली.