समुद्र उजव्या हाताला

कालवं फोडायला अक्कल लागत नाही, असं मला साठी उलटेपर्यंत वाटत होतं. खडकाला चिकटलेला शिंपला, त्याच्यावर लोखंड हाणायचं, फुटला की आतला गर काढून घ्यायचा. यात शिकण्यासारखं काय आहे? जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माझ्यासारखीला तर हे काम अगदीच किरकोळ वाटायचं.

शिकवलं म्हणजे काय केलं, तेही सांगून टाकते. मी मारायची. वडिलांनी मला पोहायला शिकवलं ते वाडीतल्या विहिरीत ढकलून, आणि पाढे शिकवले ते माडाच्या हिरांची जुडी पोटऱ्यांवर ओढून. पोहता आलं, पाढेही आले. त्यामुळे शिकणं आणि मार ही जोडी माझ्या डोक्यात पक्की बसली. शाळेत छडी होती, पण ती शोधेपर्यंत माझा राग थांबत नसे. हात उठायचा आणि पोराच्या गालावर पाच बोटं उमटायची. गावात ‘बाईंचा हात’ म्हटलं की मोठी माणसंसुद्धा हसत हसत गाल चोळायची. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं सासरच्या वाडीत येऊन राहिलो. माझी पहिली नोकरी याच गावातली, नंतर तळा गावी बदली झाली ती झालीच. आता पोफळी, माड, चार आंबे आणि आमचे हे, एवढ्यांवरच मला राज्य करायचं होतं. माडांना ऐकू येत नाही, म्हणून सगळं यांच्या वाट्याला यायचं. एकदा आमटीत मीठ जास्त झालं असं ते म्हणाले, तर मी पातेलं उचलून अंगणात भिरकावलं. ते शांतपणे म्हणाले, “शाळा सुटली तुझी, पण छडी काही सुटली नाही.” त्यावर मी आणखी एक ताट फेकलं.

त्याच दुपारी मासळीवाली दारात आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी, चौथीत असताना शाळा सोडून गेलेली. आता पन्नाशीला टेकली होती, कोळीवाड्यातून रोज पाटी घेऊन यायची आणि मला अजून ‘बाई’ म्हणायची. मी तिच्यावरही तोंड सोडलं. कालच्या कालवांत कच लागली, एवढी वर्षं काय केलंस, एक काम धड येत नाही, असं सगळं. तिने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

“बाई, मंग या की सवता फोडाला. अमावास्येला सुकती मोठी हाय. बघूया तुमचा कसा निंगतो.”

सुकती म्हणजे ओहोटी. मी ईर्ष्येने गेले. यांचे जुने कॅनव्हासचे बूट घातले, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि खडपावर उतरले. पाणी लांबवर हटलं होतं आणि मैलभर काळे खडक उघडे पडले होते. त्यांच्यावर कालवांचा थर इतका दाट आणि धारदार होता की टेकायला गेलं की तळहात फाटत होता. तिने माझ्या हातात कोयती दिली. लाकडी मूठ आणि वाकडं टोकदार लोखंड, एवढंच ते हत्यार. मी पहिलाच घाव असा घातला की शिंपला, गर आणि खडकाचा टवका सगळं एकत्र झालं. दुसराही तसाच. तिसऱ्याला लोखंड निसटलं आणि माझ्या डाव्या अंगठ्यात घुसलं.

“येवढा जोर कशाला?” ती म्हणाली. “त्याला उघडाचा हाय, ठेचाचा न्हाय.”

तिने माझं मनगट धरलं. शिंपल्याची जिवणी कुठे असते ते बोटाने दाखवलं आणि तिथे एकच, छोटासा, नेमका ठोका दिला. झाकण टक्कन उडालं. आत गर थरथरत होता, अख्खा. मी बघत राहिले. मला त्या क्षणी इतका राग आला होता की तो गर तिच्या तोंडावर मारावा असं वाटलं. वय वर्षं बासष्ट, आणि कोणीतरी माझं मनगट धरून शिकवत होतं.

तरी मी गेले, दर उधाणाला गेले, कारण उधाणाच्या दिवसांत सुकतीही मोठी असते. हात फाटले, गुडघे सोलवटले, पाठ रात्रभर ठणकायची. पण हळूहळू दहातली सहा अख्खी निघू लागली, मग आठ. ती फार बोलायची नाही, पण एक गोष्ट तिने पहिल्याच दिवशी दंडाला धरून फिरवून सांगितली होती. “असं बसाचं. समुद्र उजव्या हाताला.” मी शिस्तीची बाई. घरी येऊन वहीत लिहून ठेवलं: पाठ किनाऱ्याकडे नको, तोंड वाऱ्याकडे नको, समुद्र उजव्या हाताला. कामाचं हे शास्त्र असणार, असं मी धरून चालले. यांनाही जेवताना ऐकवलं. दोन-तीन बायकांना खडपावर टोकलंसुद्धा, “अहो, अशा काय उलट्या बसलात?” त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मी म्हटलं, हसा. शिकायचं नसलेली माणसं हसतातच.

मग पौर्णिमेचं ते उधाण आलं. त्या दिवशी मी तिच्याआधी पोचले आणि तिची नेहमीची जागा पटकावली. जागा उत्तम होती, बसायला सपाट आणि समुद्र बरोबर उजव्या हाताला. ती आली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे टोकाच्या खडकावर गेली. तिथे कालवं जाड आणि भरपूर, पण ती एकाच अंगाला लागलेली. तिथे बसायचं तर समुद्र डाव्या हाताला घ्यावा लागतो. ती खाली वाकली आणि ठोके सुरू झाले.

पाणी फिरलं तेव्हा सगळ्यात आधी मला दिसलं. दोन लहान लाटा येऊन गेल्या आणि त्यांच्यामागे एक काळसर फुगवटा उभा राहत होता. मी ओरडले. वर्गाच्या टोकाला बसलेल्या पोराचा थरकाप उडवणारा माझा आवाज, तो मी पूर्ण सोडला. माझ्यामागे तिची जाऊ बसली होती, वयाने मोठी, तीही ओरडली. समुद्रावरचा वारा आमच्या हाका मागेच फेकत होता. मासळीवाली टोकावर बसलेली, वीस पावलांवर, तशीच वाकलेली. मान वळली नाही. ठोका, ठोका, ठोका.

लाटेने तिला बसल्या जागेवरून उचललं आणि खडकावर आपटलं. आवाज ऐकू आला, हाडाचा की टोपलीचा ते कळलं नाही. मग पाणी मागे ओढलं गेलं आणि तिला त्या धारदार थरावरून फरफटत घेऊन गेलं. तिने एका कपारीत हात घातला म्हणून ती राहिली. तिची जाऊ आणि मी धावलो, पडलो, उठलो. पुढची लाट कमरेला लागली तेव्हा मी तिची वेणी धरली होती आणि जावेने पदर. आम्ही तिला ओढत वर आणली. डावा खांदा, दंड, मांडी सगळं किसणीवर घासल्यासारखं सोललं होतं. रक्त खाऱ्या पाण्यात मिसळून माझ्या बुटांवरून वाहत होतं.

मी भेदरले होते. आणि भेदरले की मी काय करते? तिचे खांदे धरून मी तिला गदागदा हलवलं आणि किंचाळले, “बहिरी आहेस का? ऐकू येत नाही तुला?”

तिची जाऊ माझ्याकडे वळली. तिने माझे हात झटकून टाकले.

“न्हाय येत. डाव्या कानानं काय बी न्हाय येत. तुमीच फोडलाव ना तो?”

मला काही समजेना. असू दे, असू दे, असं ती पडल्यापडल्या म्हणत होती, पण जावेला थांबायचं नव्हतं. चौथीत असताना ही आईबरोबर सकाळच्या सुकतीला जाऊन शाळेत उशिरा आली. बोटं कापलेली, वहीवर रक्त पडलं. बाईंनी सतराचा पाढा विचारला, हिला आला नाही. बाईंचा हात उठला. संध्याकाळी कान वाहायला लागला. आईने गरम तेल घातलं, मग पू झाला, मग ताप, मग त्या बाजूने सगळं बंद. शाळाही त्यातच सुटली. म्हणूनच ती समुद्र नेहमी उजव्या हाताला घेते. आम्ही कशाही बसतो, बाई, तो कायदा तिच्या एकटीचा.

मला ती थप्पड आठवली नाही. हे लिहिताना अजून हात थांबतो, पण खरं तेच आहे. मी डोळे मिटून वर्ग आठवला, कौलं आठवली, फळा आठवला, तिची लाल रिबीन आठवली. थप्पड नाही आठवली. मी इतक्या मारल्या होत्या की त्यातली ही एक कुठली, हे मला सांगता येईना. आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे, घरी जाताना वाटेत माझ्या मनात आलं की तेल घालायला नको होतं, पू तेलाने झाला असेल. बांधापर्यंत पोचेस्तोवर मी स्वतःला जवळजवळ सोडवून घेतलं होतं. मग मी त्याच बांधाला टेकून ओकले.

पुढच्या उधाणाला मी गेले नाही. कोयती पडवीत टांगून ठेवली. वहीतलं ते पान फाडलं, मग परत चिकटवलं. यांनी काही विचारलं नाही आणि मी काही फेकलं नाही, त्यामुळे तेच घाबरले. उजवा हात मांडीवर ठेवून मी त्याच्याकडे बघत बसायची. हाताला काही कळल्यासारखं दिसत नव्हतं.

महिन्याने ती पाटी घेऊन दारात आली. दंडावर खपल्या होत्या. मी पायरीवरून उतरून तिच्यासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण ऐनवेळी सगळं विसरले आणि नुसती रडले. हुंदके देत म्हटलं, “चुकलं गं माझं. मला आठवतसुद्धा नाही.”

“मना आठवतंय ना,” ती म्हणाली. “शनवार व्हता.”

त्यात ना राग होता ना माया. मी म्हटलं, मला मार. खरंच म्हटलं, गाल पुढे केला. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी ठेचलेल्या कालवाकडे बघायची.

“त्यानं काय व्हनार? माजा कान येनार?” तिने पाटी उचलली. “तुमी आलां न्हाय, जाऊ बी तापानं पडली. मी एकली जाऊ कशी? परवा मोठी सुकती हाय. या.”

मी गेले. ती मला नेहमीच्या जागेवरून पुढे घेऊन गेली, त्याच टोकाच्या खडकावर. म्हणाली, हा खडक आईचा. लहानपणी आम्ही दोघी हाच फोडायचो, सगळ्या खडपावर अशी कालवं नाहीत. कान गेल्यापासून सोडला होता, त्या दिवशी हट्टाने आले तर त्याने फेकून दिलं. मग ती समुद्र डाव्या हाताला घेऊन बसली आणि तिने मला स्वतःच्या आणि पाण्याच्या मध्ये बसवलं.

“तुमी कोयती नका धरू आज. पान्यावर नजर ठेवा. मोठी लाट आली का हाक नको, मना ऐकू न्हाय येत. चापट द्याची. हितं.” तिने डावा खांदा दाखवला. खपल्या पडून तिथे कोवळी गुलाबी कातडी आली होती.

मी पाण्याकडे तोंड केलं. माझ्या मागे ठोके सुरू झाले, छोटे, नेमके. बऱ्याच वेळाने लांबवर तो काळसर फुगवटा उठला. मी तिच्याकडे वळून हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तो खाली येईना. समोर ती गुलाबी कातडी होती आणि तिच्यावर, कानाखाली, पिकायला लागलेल्या केसांची बट. लाट मोठी होत होती. माझ्या तोंडून हाकच निघत होती, तिला ऐकू न येणारी हाक.

मग मी मारलं. जोरात, पाचही बोटांनी. ती कोयतीसकट उठली, मला दंडाला धरून तिने वर ओढलं आणि आम्ही दोघी खडकाच्या पाठीवर जाऊन पडलो. आम्ही बसलो होतो तिथे पाणी फुटलं आणि पांढरं होऊन उतरलं.

ती खांदा चोळत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखल्याने आलं असणार.

“बाई,” ती म्हणाली, “हात तुमचा अजून तसाच हाय.”

पाणी खाली गेल्यावर ती पुन्हा उतरली, त्याच जागी बसली आणि डावा कान माझ्याकडे करून कामाला लागली.